आप्पांचं कोलेस्ट्रॉल आणि आमची सेवा

सरकारी ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साचतात. फायलींना निदान वाळवी लागते! सोलापूरच्या आमच्या ऑफिसातले सत्तरच्या दशकातले हे किस्से हेडक्लार्क आप्पांच्या कोलेस्ट्रॉलचे.

आप्पांचे वडील पन्नाशीत हार्टनं गेलेले. आप्पांना एकोणपन्नासावं लागलं आणि त्यांनी धास्तीनं रक्त तपासलं. कोलेस्ट्रॉल थोडं वर!

"पण मला तर काहीच होत नाही," आप्पा म्हणाले.

"म्हणूनच तपासायचं असतं," डॉक्टर म्हणाले. "तूप-मटण कमी करा, चाला. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

*

घरी आप्पांची आई होती, वळसंग गावची. डबा तीच भरायची. "वाढलंय म्हंजे अंगाला लागाय लागलं की!" म्हणाली आणि तिनं सुक्या मटणाचा वार वाढवला. डब्यात काही उरून आलं, की ती रुसून जेवत नसे.

*

हा पेच ऑफिसातल्या आम्ही चौघांनी सोडवला. आप्पांचा डबा आम्ही संपवायचा, आमची मटकी-भाकरी आप्पांनी. टायपिस्ट नरसय्या नळी चोखत दर वेळी म्हणायचा, "आप्पा, तुमच्यासाठीच करतोय हे!"

आप्पा मान खाली घालून मटकी चावायचे.

*

चालायचं म्हणून आप्पा शिपायाला न बोलावता स्वतःच फायली घेऊन टेबलोटेबली फिरू लागले. वर्षभर तुंबलेली कामं आठवड्यात निघाली.

साहेब दचकले. "काय हो, वरून इन्स्पेक्शन येतंय की काय?"

*

तुपापेक्षा करडईचं तेल बरं, असं डॉक्टर बोलून गेले. आप्पा त्यात भाकरी बुडवून खाऊ लागले. "औषधात कसली काटकसर?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "तेल बदला म्हणालो होतो, प्या नाही!"

*

तीन महिने झाले. आप्पा एकटे रक्त द्यायला जाईनात. "डोळे मिटले की वडील दिसतात रे," म्हणाले. मग सोबत म्हणून आम्ही चौघेही चहासुद्धा न घेता निघालो.

डॉक्टर म्हणाले, "उपाशी आलाच आहात, तर तुमचंही बघू."

रिपोर्ट आले. आप्पांचं नॉर्मल. आमचं चौघांचं थोडं वर!

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे चार डबे उघडले. चारही घरांतून उकडलेली मटकी, बिनफोडणीची. मग आप्पांच्या डब्याचं झाकण निघालं. वास थेट साहेबांच्या केबिनपर्यंत गेला. नरसय्याचा हात सवयीनं पुढं झाला.

आप्पांनी डबा अलगद स्वतःकडे ओढला, नळी उचलली आणि म्हणाले, "लेकांनो, तुमच्यासाठीच करतोय हे!"