काठीचा लाल दोरा

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला शाळेच्या बाईंनी भरती-ओहोटी शिकवायला पोरांना वर्सोव्याच्या खाडीत उतरवलं. प्रत्येकाने चिखलात काठी रोवली, काठीला लाल दोरा बांधला. दोरा भिजला की मागे फिरायचं.

मी कोळी. खाडी काय खेळायची जागा? मी काठावरून नजर ठेवून उभा राहिलो. दोरे भिजले तशी बाकीची पोरं परतली, माझी मुलगी तिथंच.

"ये गं मागे!"

"बाबा, माझा दोरा अजून सुका आहे."

हट्टी, माझ्यासारखीच. पाणी तिच्या घोट्यावर चढलं तसा मी धावलो. घाईत टाच दाबली आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. तेवढ्यात तिचा दोरा भिजला. तिने काठी उपटली, माझ्यापुढे धरली.

"घाबरलास?"

"चिखल गार आहे," मी म्हटलं. घरापर्यंत तिचा हात सोडला नाही.