धोंडीरामचं इच्छापत्र

शुक्रवार उजाडला की शशिकांतच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पुण्यात एलएलबी करून त्याने काही वर्षं कोर्टात काळा कोट झिजवला आणि मग आखातातल्या दोह्याच्या एका बांधकाम कंपनीत करारमदार तपासायची नोकरी धरली. कोर्ट सुटलं, पण अशिलं सुटली नाहीत. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मुशेरिब भागातल्या त्याच्या दोन खोल्यांसमोर चपलांचा ढीग पडायचा. त्याची बायको शैलजा चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायची, "आले तुमचे पक्षकार."

येणारे आपलेच लोक, पण यायचे ते सगळं उरकून. कोऱ्या स्टँपपेपरवर सही करून तो मेव्हण्याच्या हातात दिलेला, सातबारा न बघताच जमीन घेतलेली. आणि मग समोर बसून, "आता काय करायचं, साहेब?" या 'आता'चा शशिकांतला भयंकर राग होता. वरातीमागून घोडं नेणारी ही माणसं, आणि ते घोडं हाकायचं मात्र यानेच.

त्यातलाच एक धोंडीराम. माण तालुक्यातला सुतार, दोह्याबाहेर उम्म सईदच्या कामगार कॅम्पवर शटरिंगच्या फळ्या ठोकायचा. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात शेजारच्या खाटेवरचा गडी छातीत कळ येऊन गेला, तेव्हा हा घाबरून शशिकांतकडे आला.

"गावाकडं घर बांधलंय. माझ्यामागं ते बायडाला ऱ्हावं, एवढं करा." बायडाबाई त्याची बायको.

"सोपं आहे. मृत्युपत्र करू."

धोंडीराम उठूनच उभा राहिला. "त्यो शब्द नको. तसलं नाव असल्याल्या कागदावर म्या सही न्हाई करायचा."

"बरं, इच्छापत्र म्हणा. दोन्ही एकच."

इथे शशिकांतचं चुकलं. इच्छा म्हटल्यावर धोंडीरामची कळी खुलली. "लिवा. थोरल्या भावानं तंबाकू सोडावी. धाकलीला शाळंतनं काडू नये. बायडाला कुनी टाकून बोलू नये. म्हशीला..."

"अहो, घराचं बोला. घर कुणाच्या नावावर आहे?"

"जागा थोरल्याच्या नावावर. म्या हितं, खरेदीला कोन जानार? आन् थोरला असताना आपलं नाव लावायचं, बरं दिसतं का?"

शशिकांतने पेन खाली ठेवलं. जे नावावरच नाही ते इच्छापत्रात कसं लिहिणार? कागदोपत्री सगळं थोरल्याचं, आणि उद्या थोरला गेला की त्याच्या पोरांचं. मग बायडाबाईने जायचं कुठे? त्याने समजावलं, पुन्हा समजावलं. थोरल्याने हयातीतच बायडाबाईच्या नावाने बक्षीसपत्र करावं, तालुक्याला जाऊन नोंदवावं. धोंडीरामने रजा काढून जायचीही गरज नव्हती.

"सख्ख्या भावाला कागद मागू?" धोंडीरामने जीभ चावली. "ते न्हाई व्हायचं, साहेब."

पुढच्या शुक्रवारी तो हसत आला. "इच्छापत्र धाडलं. कॅशेटवर."

कॅम्पवर ज्यांना लिहिता येत नव्हतं ते घरी कॅसेट बोलून पाठवायचे. म्हणजे याने तंबाखूपासून म्हशीपर्यंत सगळं टेपात भरून, रजेवर निघालेल्या गाववाल्याकडे दिलं होतं. शशिकांतने कपाळावर हात मारला. "त्याच्यावर साक्षीदारांनी सह्या कुठे करायच्या? टेपावर?"

"थोरल्याला आवाज कळतो की माझा."

या माणसापुढे कायदा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं. शशिकांतने नाद सोडला.

गाववाला रजेवरून परतला तो घरची कॅसेट घेऊन. धोंडीरामने कॅम्पवर थोरल्याचं बोलणं तेवढं ऐकलं, कॅसेट खिशात घातली आणि तडक दोहा गाठलं. शैलजाच्या टेपरेकॉर्डरवर थोरल्याचा घोगरा आवाज घुमला. "धोंड्या, मरनाच्या गोष्टी कशाला करतूस? घर तुजंच हाय. आपल्यात कागद कशाला?"

धोंडीरामचे डोळे भरून आले. "ऐकलंसा? भाऊ हाय माझा."

"छान. आता तालुक्याच्या साहेबाला म्हणावं, मार याच्यावर शिक्का," शशिकांत म्हणाला आणि चरफडत पाणी प्यायला आत गेला. टेप बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. थोडी खरखर झाली, भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि एक बाई दबक्या आवाजात बोलू लागली.

"अवो, थोरलं भावजी रानात गेल्यात म्हणून बोलती. ते बोललं ते बरंच बोललं. पर त्यांची पोरं काल आपल्या परसात दोरी धरून माप घेत हुती. तुमच्या त्या वकीलसाहेबांस्नी इचारा, कागद कसा करत्यात. कुटं जायाचं, काय काय न्यायाचं. भावजींस्नी म्या बोलती. तुमी नका बोलू."

शशिकांत दारातच थांबला होता. धोंडीराम खाली मान घालून बसला. परसातली दोरी त्याला आता दिसत होती.

मग त्याने खिशातून नवी कोरी कॅसेट काढली, टेपात घातली आणि टेपरेकॉर्डर शशिकांतकडे सरकवला. "तुमीच बोला, साहेब. म्या बोललो तर परत म्हशीवर जाईन."

इतक्या शुक्रवारांत 'आता काय करायचं' असं वेळेवर विचारणारं पहिलंच माणूस भेटलं होतं, आणि ते माणच्या एका परसात उभं होतं. शशिकांतने बटण दाबलं, घसा खाकरला.

"बायडाबाई," तो म्हणाला, "नीट ऐका."