पार्किंगमधली भिंत

कात्रजला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक काँक्रीटची भिंत आहे. गाड्या वळवताना ती आड येते, म्हणून आम्ही ती पाडायचं ठरवलं. तरी एकदा विचारावं म्हणून एका स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंना बोलावलं. साठीच्या असाव्यात. चहा नको म्हणाल्या आणि भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ छताकडे बघत राहिल्या.

"अहो मॅडम, ही नुसतीच उभी आहे," अध्यक्ष म्हणाले.

"भूकंपात जमीन आडवी हलते. इथे बाकी नुसते खांब आहेत. ते तेव्हा कलू नयेत म्हणून ही उभी आहे."

"पण पुण्यात भूकंप होतो कुठे?"

"मग पाडा. फक्त आधी वरचे सात मजले रिकामे करा."

अध्यक्ष सातव्या मजल्यावर राहतात. विषय तिथेच मिटला.

बाईंना सोडायला गेटपर्यंत गेलो, तेव्हा मी सहज विचारलं, "आपलं घर कुठे?"

"भाड्याचं आहे. नीट तपासल्याशिवाय विकत घ्यायचं नाही, असं नोकरीला लागले तेव्हाच ठरवलं होतं."

"मग?"

"तपासतेय अजून," असं म्हणून त्यांनी स्कूटर सुरू केली. त्या हसतायत का, ते मी पाहिलं. हसत नव्हत्या.