मगरे सरांचा मोकळा तास

जून उजाडला की आमच्या शाळेत कचरू मगरे सरांचे लाड सुरू व्हायचे. वर्षभर त्यांच्याकडे ढुंकून न पाहणारी माणसं "सर, चहा घेता का?" म्हणत त्यांच्या मागे मागे फिरायची, कारण शाळेचं वेळापत्रक मगरे सर लावायचे. कन्नडहून येणाऱ्यांना पहिला तास नको असायचा, एसटीचा भरवसा नाही. ज्यांच्या गल्लीत नळाला दुपारी पाणी येतं त्यांना शेवटचा तास मोकळा हवा असायचा. नववी ब कुणालाच नको असायची, आणि त्याला कारण सांगायची गरज नव्हती. मगरे सर सगळ्यांना "बघतो" म्हणायचे. बाकीचे लोक नाही म्हणायचं असलं की बघतो म्हणतात; हे खरंच बघायचे.

आमची शाळा सिडकोतली, अनुदानित. सर गणिताचे, मी विज्ञानाचा. ते भावसिंगपुऱ्यात राहायचे, मी पाचोडहून नोकरीसाठी शहरात आलेला. आमचे वर्ग शेजारी शेजारी, आणि मधली भिंत इतकी पातळ की त्यांची प्रमेयं माझ्या वर्गातल्या पोरांनाही पाठ झाली होती.

सर वेळापत्रक चिंचोक्यांवर लावायचे. हसू नका, मीही पहिल्यांदा हसलो होतो. घरी सतरंजीवर मोठा कागद पसरायचा, त्यावर पेन्सिलीने आखलेल्या चौकटी, आणि कडेने प्रत्येक शिक्षकाच्या नावाची एक वाटी. चौकटीत नाव लिहिलं की तिच्यावर एक चिंचोका ठेवायचा. सगळं भरून झालं की तपासणी. एकेका चौकटीवरचा चिंचोका उचलायचा आणि तिच्यात ज्याचं नाव असेल त्याच्या वाटीत टाकायचा. वाटीत कमी भरले तर कुणाचा तरी तास लावायचा राहिला, जास्त भरले तर त्या माणसावर ओझं पडलं. त्यांची बायको, द्वारकाबाई, वाट्या देताना कुरकुरायच्या, "जूनमध्ये आमच्याकडं पाव्हण्यांनी येऊच नये. वरण प्यायला वाटी मिळत नाय."

मग गणिताचे दुसरे शिक्षक, नववीला शिकवणारे फकिरा सर निवृत्त झाले. त्यांची वाटी गेली, त्यांचे चिंचोके राहिले. नवा माणूस काही येईना. मुख्याध्यापक सरांना म्हणाले, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे. कागदावर खेळाच्या सरांचं नाव टाका, तास तुम्ही घ्या." मगरे सरांचं नाव टाकलं असतं तर त्यांचे तास नियमापेक्षा जास्त भरले असते, आणि तपासणीला आलेला माणूस तेच आधी बघतो. आमचे खेळाचे सर बिचारे वर्गमूळ म्हटलं की पटांगणाकडे बघायचे. त्यांनी कागदावर सही केली आणि नववीच्या वर्गात पाऊलही टाकलं नाही.

दोन महिन्यांचं वर्ष झालं. वरच्या कार्यालयात गणिताचा शिक्षक मागितला तर उत्तर आलं, सगळे तास भरलेले दिसतात, मग माणूस कशाला हवा? वेळापत्रक इतकं चोख जुळवलं होतं की त्यात एक माणूस कमी आहे हे कुणाला दिसेचना. सरांनी ते उत्तर वाचलं, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "माझ्याच हातानं बुजवलं की हो मी."

पुढच्या जूनमध्ये त्यांनी त्या चौकटी कोऱ्या ठेवल्या. कागद घेऊन ते मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले तेव्हा मी सोबत होतो.

"हे काय, मगरे?"

"जे हाये ते लिहिलं, सर. माणूस नाय, म्हणून तास कोरा."

"हे पालकांनी पाहिलं तर उद्या दाखले काढून नेतील. पोरं घटली की एक तुकडी तुटणार. तुकडी तुटली की सगळ्यात नवीन कोण? निशा मॅडम. त्या अतिरिक्त ठरल्या की कुठल्या टोकाला फेकल्या जातील कोण जाणे. तुम्ही सांगा त्यांना."

निशा मॅडम तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होत्या. सरांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि उभ्या उभ्या सगळ्या चौकटी भरून टाकल्या. मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो. मुख्याध्यापक लबाड असते तर निदान भांडता आलं असतं. ते खरं तेच सांगत होते.

दिवाळीनंतर सरांचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी बजावलं, सलग उभं राहू नका, मधे मधे बसत जा. सरांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. द्वारकाबाईंनी मात्र मनावर घेतलं. त्यांनी वेळापत्रकाची एक नक्कल मागून घेतली, स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीखाली डिंकाने चिकटवली आणि सरांच्या मोकळ्या तासांवर हळदीचं बोट टेकवलं. पिवळा तास आला की त्या फोन करायच्या. बसलात का, गोळी घेतली का, एवढंच विचारायच्या.

पिवळ्या तासाला सर नववी ब वर असायचे. फोन वाजला की खडू ठेवून खिडकीकडे जायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "व्हय, बसलोय. घेतली गोळी." पोरांना सगळं कळत होतं. ज्या वर्गाला शांत बसवताना माझा घसा बसायचा, तो वर्ग फोन वाजला की आपोआप चिडीचूप व्हायचा. काकूंना ऐकू जायला नको म्हणून पोरं वहीचं पानसुद्धा उलटायची नाहीत. सरांवर लई जीव होता त्या पोरांचा. माझ्या बाजूला भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला की मला कळायचं, द्वारकाबाईंचा फोन आला.

एकदा मी चिडून बोललो. "वहिनींना खरं सांगून टाका ना, सर."

"सांगून काय करू? तिला घोर लागंल. शाळेत येऊन भांडंल ती. मग तुकडीचं काय?"

"आणि तुमचं काय?"

"मार्चपर्यंत निभतंय," ते म्हणाले आणि घंटा झाली म्हणून उठले.

मार्च काही आला नाही. फेब्रुवारीतल्या एका दुपारी भिंतीपलीकडे सरांचं प्रमेय अर्ध्यात थांबलं. मला वाटलं, फोन. पण मग बाकं सरकल्याचा आवाज आला आणि एक पोरगी ओरडली. मी धावलो. सर फळ्याखाली आडवे पडले होते, डस्टर हातातच होतं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. तो थांबेना. पहिल्या बाकावरच्या अमृताने तो काढला आणि गडबडीत तिच्याकडून स्पीकर लागला.

"बसलात का?" द्वारकाबाईंचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू आला.

"काकू, सर पडले."

"पडले? कुठं पडले?"

"वर्गात. शिकवता शिकवता पडले."

मग त्या समजावल्यासारख्या म्हणाल्या, "नाय गं बाई. ह्या तासाला ते मोकळे असतेत. दुसरं कुणी असंल. नीट बघ."

"नाय काकू, सरच हायेत." अमृता रडायला लागली. "हा तास रोज सरच घेतेत."

घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. शाळेच्या कागदावर त्या तासाला नववी ब वर खेळाचे सर होते आणि मगरे सर शिक्षकांच्या खोलीत आराम करत होते. कागद अजूनही तेच म्हणतो. निशा मॅडमची नोकरी राहिली, तुकडीही राहिली, आणि गणिताचा माणूस अजून आलेला नाही.

पुन्हा जून आला आणि वेळापत्रक माझ्या गळ्यात पडलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की विज्ञानाचा माणूस गणित ओढून नेऊ शकतो, आणि दोन महिन्यांचाच प्रश्न आहे. मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? मी आठ दिवस चौकटी भरल्या आणि खोडल्या, तरी माझी बेरीज जुळेना. शेवटी कागद गुंडाळून भावसिंगपुऱ्याला गेलो.

सर बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्चीत बसले होते. कागद बघून त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि मला माझीच लाज वाटली. द्वारकाबाईंनी न सांगता वाट्या आणल्या, चिंचोक्यांचा डबा आणला, सतरंजी अंथरली आणि सरांना आधार देऊन खाली बसवलं. आतल्या भिंतीवर फळीखाली नुसता डिंकाचा चौकोनी डाग होता.

मी चौकटींवर चिंचोके ठेवले आणि सर डाव्या हाताने ते उचलायला लागले. त्या हाताला सवय नव्हती, एखादा निसटून सतरंजीवर घरंगळायचा, पण चूक एकही नव्हती. माझा हुकलेला तास त्यांनी थोड्याच वेळात बोट ठेवून दाखवला. मग ते नववी ब च्या गणितावर आले. चौकटीत खेळाच्या सरांचं नाव होतं. सरांनी चिंचोका उचलला, तो हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या वाटीत टाकला. पुढचाही माझ्या वाटीत. त्याच्या पुढचाही.

"चुकतंय त्यांचं," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "कागदावर तर खेळाच्या सरांचं नाव हाये."

मला खोटं बोलवलं नाही. "नाही वहिनी. बरोबर टाकतायत ते."

त्या माझ्या भरलेल्या वाटीकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी सतरंजीवर घरंगळलेला एक चिंचोका उचलला आणि तोही माझ्याच वाटीत ठेवला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "एवढं करा. ह्या कागदाची नक्कल घरी लावू नका."