उंबरठ्याच्या आतून झाडलेला जिना

आडेलहाइड श्वाइकर्ट यांना रोग झाल्याचं कळलं ते फरशी पुसायच्या साबणामुळे. सोमवारी सकाळी त्यांनी बादलीत साबण ओतला आणि लिंबाचा वास आलाच नाही. पुन्हा ओतला, नाक बाटलीच्या तोंडाशी नेलं, तरी काही नाही. बाई तडक फोनपाशी गेल्या आणि साबण कंपनीतल्या माणसाला त्यांनी चांगलं फैलावर घेतलं. साथ आली, सगळं जग घरात बसलं, हे आपण समजू शकतो. पण म्हणून साबणातला वास काढून घ्यायचा? तो बिचारा म्हणाला, बाई, वास आहे, तुम्ही एकदा डॉक्टरांना विचारा. बाईंना हा शुद्ध उद्धटपणा वाटला. उल्मला राहणाऱ्या भाचीला, गुद्रुनला, त्यांनी ही हकीकत रागारागाने सांगितली.

"मावशी, कॉफीचा डबा उघड आणि हुंग," ती म्हणाली.

मावशीने हुंगलं. डब्यात वाळू भरलेली असती तरी फरक पडला नसता.

तपासणी झाली, निकाल आला. ताप नव्हता, खोकला नावापुरता होता, पण दोन आठवडे घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम झाला. डॉक्टरांनी फोनवर समजावलं की भरपूर पाणी प्या, खिडक्या उघड्या ठेवा, दिवसभर बातम्या ऐकू नका आणि मन शांत ठेवा. यातल्या पहिल्या तीन गोष्टी बाई जन्मभर करतच आल्या होत्या. खिडक्या तर त्या बर्फातही सकाळ-संध्याकाळ सताड उघडत. पाहुणा कुडकुडला तर त्याला कोट आणून देत, खिडकी लावत नसत. प्रश्न चौथ्या गोष्टीचा होता. मन शांत राहणं शक्यच नव्हतं, कारण दाराला पाटी लटकत होती.

पाटी म्हणजे हातभर लांबीची लाकडी फळी, तिच्यावर काळ्या अक्षरांत 'झाडलोट' लिहिलेलं. श्टुटगार्टच्या त्या चार मजली घरात ती दारोदार फिरे. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि समोरचा फुटपाथ झाडायचा. शनिवारी संध्याकाळी सगळं लख्ख करून पाटी स्वतःच्या हाताने पुढच्या दारावर नेऊन टांगायची. युद्ध, पूर, नोटा बदलणं, काहीही झालं तरी पाटी थांबली नव्हती. आता साथीमुळे जिन्यावरून कोणी चालतही नव्हतं. पायऱ्यांवर धूळ टाकायला माणूस उरला नव्हता. पण म्हणून झाडायचं नाही, असं म्हणायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

बाईंना सारखी आठवत होती ती बेल्त्सबाईंची गोष्ट. तळमजल्यावरच्या बेल्त्सबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा शेजाऱ्यांनी प्रेमाने त्यांच्या दारावरची पाटी काढून घेतली. आम्ही करतो, तुम्ही आराम करा, म्हणाले. हाड जुळलं, बाई हिंडूफिरू लागल्या, पण पाटी काही परत आली नाही. हळूहळू सगळेच त्यांच्याशी गोड बोलायला लागले. कचऱ्याचा डबा चुकीच्या जागी ठेवला तरी कोणी बोलेना. वर्षभरात बेल्त्सबाई वृद्धाश्रमात गेल्या. पाटी गेली की माणूस मोजणीतून जातं, हे आडेलहाइडबाईंनी त्या वेळीच ओळखलं होतं. आणि ती पाटी खिळ्यावरून काढणारा हात होता पहिल्या मजल्यावरच्या ओटमार राप यांचा.

राप हे गॅसमीटर तपासायच्या नोकरीतून निवृत्त झालेले विधुर. त्यांचं आणि बाईंचं तीस वर्षं एका गोष्टीवरून वाकडं होतं: जिना ओल्या फडक्याने पुसायचा की नुसत्या दमट. बाई ओल्याच्या, राप दमटचे. बाईंचा आठवडा संपला की राप कठड्याखालून बोट फिरवत आणि बोटाकडे चष्म्यातून बघत. रापांचा संपला की बाई हेच करत. बाईंनंतर पाटी जायची तीही त्यांच्याच दारावर. तेव्हा आजाराची गोष्ट घरात कळू द्यायची नाही आणि जिना शनिवारपर्यंत झाडायचाच, असं बाईंनी ठरवलं.

पण बाई कायदा मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आधी आरोग्य खात्याला फोन लावला. घरात राहायचं हे मान्य, पण दाराबाहेरचं पायपुसणं घरात धरायचं की बाहेर? फोनवरच्या मुलीला हे माहीत नव्हतं. तिने साहेबांना विचारलं, साहेबांनी आणखी कोणाला विचारलं, बाईंनी तोवर वाद्यसंगीत ऐकलं. शेवटी निर्णय झाला की पायपुसणं बाहेर. बाईंनी आभार मानले आणि उंबरठ्याच्या आतल्या कडेला खडूने रेघ ओढली.

मग तोंडाला स्कार्फ गुंडाळून त्यांनी दुसऱ्या मजल्यावरचं आपलं दार उघडलं. झाडूच्या दांड्याला न्हाणीघरातल्या पडद्याची दांडी बांधली, तिच्या मागच्या टोकाला छत्री. रेघेच्या आत पोटावर झोपून त्यांनी दारासमोरची जागा झाडली, वरच्या चार-सहा पायऱ्याही कशाबशा झाडल्या. त्यापुढे झाडू जाईना. बाईंनी पाण्याचा पेला रिकामा केला, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून पाच मिनिटं शांत बसल्या, आणि कपडे वाळत घालायची दोरी काढली. दोरीला ओलं फडकं बांधून त्यांनी ते जिन्यात भिरकावलं. फडकं थपकन खालच्या वळणावर पडलं. बाई दोरी ओढू लागल्या आणि फडकं पायरी पायरी पुसत वर येऊ लागलं.

यात एकच गोष्ट त्यांना खात होती. जिना वरून खाली पुसायचा असतो, आणि हा खालून वर पुसला जात होता. हे बरोबर नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण आणीबाणीच्या वेळी देशोदेशीची सरकारंसुद्धा उलटंसुलटं वागत होती, तिथे आपण एकदा वागलो तर चालेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

बुधवारपर्यंत त्यांचा हात चांगला बसला. गुरुवारी फेक जरा जास्तच जोरात गेली आणि फडकं वळण घेऊन थेट पहिल्या मजल्यावर पोचलं. ओढताना जड लागलं. बाईंनी दोन्ही पाय चौकटीला लावून जोर केला. खट, खट आवाज करत काहीतरी वर यायला लागलं.

"श्वाइकर्टबाई," खालून रापांचा आवाज आला, "माझा बूट कुठे चाललाय?"

बाईंनी ओढणं थांबवलं. राप आपले डोंगर चढायचे बूट दाराबाहेर वर्तमानपत्रावर ठेवत. हे नियमाला धरून नव्हतं आणि बाई दहा वर्षं तेच सांगत आल्या होत्या.

"बूट जिन्यात काय करत होता ते आधी सांगा."

"तो गुपचूप उभा होता. तुम्ही त्याला दोरी बांधलीत."

"दोरी मी फडक्याला बांधलीय. बूट आपणहून आला."

"बरं, मग त्याला आपणहून परत पाठवा."

बाई दोरी सैल सोडायला निघाल्या तोच त्यांच्या लक्षात आलं. हे फडकं त्यांच्या बादलीतलं, त्यांच्या हाताने पिळलेलं. बूट त्यात गुंडाळला गेला होता. आजाऱ्याच्या फडक्याला लागलेला बूट धडधाकट माणसाच्या घरात सोडायचा, हे त्यांच्या हातून होणं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बूट आता परत येणार नाही. त्याला संसर्ग झालाय."

"कोणाचा?"

"माझा."

वरच्या मजल्यावरच्या सिबेलच्या स्वयंपाकघरात किटलीने शिट्टी दिली. मग राप खाकरले.

"बुटालाही दोन आठवडे का?"

"बुटालाही."

"ओढा मग," राप म्हणाले. "नाडी सांभाळा, नवी आहे."

बाईंनी बूट आत घेतला, दार लावलं आणि स्टुलावर बसल्या. त्यांना फार भीती वाटली. रोगाची भीती त्यांना आतापर्यंत वाटली नव्हती. आता जी वाटली ती शनिवारची. राप येणार, पाटी काढणार, आराम करा म्हणणार. मग सगळे गोड बोलायला लागणार. याची सुरुवात झालीसुद्धा, कारण संध्याकाळी सिबेल पायपुसण्यावर मसुराच्या सूपचं पातेलं ठेवून गेली. पायपुसणं बाहेर असल्यामुळे बाईंना ते छत्रीच्या मुठीने आत ओढावं लागलं. सूप गरम होतं. चव लागत नव्हती, पण बाईंनी ते सगळं संपवलं आणि पातेलं घासताना त्यांना रडू आलं.

शनिवारी जिन्यात पावलं वाजली. राप सणासुदीचे काळे बूट घालून आले होते, कारण चालायच्या जोडातला एक कैदेत होता. तोंडाला त्यांनी चौकड्यांचा जेवणाचा रुमाल बांधला होता. दाराच्या भिंगातून बाईंना त्यांचं टक्कल दिसलं आणि वर येणारा हात दिसला.

"पाटीला हात लावू नका," बाई दाराआडून म्हणाल्या.

हात खाली गेला. "लावत नव्हतो. तिरकी झालीय."

"तिरकीच राहू दे."

बाईंनी मनात बोलणं तयार ठेवलं होतं. आपण अजून मेलेलो नाही, इथपासून सुरुवात होती.

"जिना झाडायला हवा," राप म्हणाले.

"तो माझा आहे."

"तुमचाच आहे. झाडू फक्त माझा. तुम्ही सांगा, मी हात चालवतो."

राप रुमाल नीट करत पुढे म्हणाले, "बेल्त्सबाईंची पाटी मी काढली होती. मला वाटलं, मदत केली. त्यानंतर त्या मला फक्त धन्यवाद म्हणायच्या. जाईपर्यंत दुसरं काही बोलल्या नाहीत."

दाराला पत्रं टाकायची जुनी पितळी फट होती. तिचं झाकण आतून उघडलं.

"वरून खाली," फटीतून आवाज आला. "आणि फडकं ओलं."

"दमट."

"आठवडा कोणाचा आहे?"

राप सुस्कारा सोडून पाणी आणायला गेले. त्या शनिवारी सबंध घराने जिन्याची झाडलोट कानांनी ऐकली. बाईंना दारासमोरच्या जागेपलीकडे काही दिसत नव्हतं, तरी त्या ओरडत होत्या की डावा कोपरा राहिला, झाडू भिंतीला लागल्याचं ऐकू आलं नाही. राप खालून शपथेवर सांगत होते की लागला, हळू लागला. सिबेल वरच्या कठड्यावर कोपरं टेकून ऐकत होती. ती म्हणाली की महिनाभरात एवढी करमणूक झाली नव्हती. कामं आटोपली तेव्हा राप घामाघूम झाले होते आणि पायऱ्या चकाकत होत्या.

आता पाटी पुढे जायची. इथे घोटाळा झाला. पाटी आपल्या हाताने पुढच्या दारावर टांगायची असते, आणि बाईंना तर उंबरठा ओलांडायचा नव्हता. रापांनी ती स्वतः न्यायची तर ते काढून घेणं झालं. तिघांनी तीन मजल्यांवरून यावर बराच खल केला. शेवटी सिबेलने निवाडा दिला की पाटी हलली नाही, म्हणजे आठवडा संपला नाही. मग त्या घरात तो एकच आठवडा दोन शनिवार चालला. दोन्ही शनिवारी बाईंनी जिना झाडला आणि राप झाडू घेऊन त्यांच्या हुकमाप्रमाणे फिरले.

मधे डॉक्टरांचा फोन आला. मन शांत आहे का, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, अगदी शांत, रोज खिडक्या उघडते, पाणी पिते, आत्ताच सगळा जिना झाडून आले. डॉक्टर दचकले, बाहेर गेला होतात का? नाही हो, बाई म्हणाल्या, मी घरातच होते, रापसाहेब बाहेर होते. डॉक्टरांनी त्यांना ताप पुन्हा एकदा मोजायला सांगितलं.

सुटकेच्या दिवशी बाईंनी बूट पॉलिश केला, नाडीला इस्त्री केली, खिळ्यावरची पाटी काढली आणि दोन्ही घेऊन खडूची रेघ ओलांडली. उतरताना त्यांनी कठडा धरला. हात सवयीने खालच्या अंगाने फिरू लागला. कठडा स्वच्छ होता. दुसरा मजला स्वच्छ. वळण स्वच्छ. बाईंना उगाच उदास वाटू लागलं. काहीच सापडत नव्हतं. आपल्याशिवाय सगळं छान चाललं होतं.

रापांच्या दाराशी बोट खरखरलं. तिथे कठड्याच्या पोटाला, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, धुळीचा चांगला जाड थर होता. दोन्ही बाजूंनी कठडा चकचकीत पुसलेला आणि मधे तेवढाच तुकडा कडा सांभाळून ठेवलेला. बाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी दार वाजवलं.

राप आले. बाईंनी काळं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं.

"रापसाहेब, हिला झाडलोट म्हणायचं?"

रापांनी चष्मा लावला आणि बोट नीट पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. तो त्यांना लपवता येईना.

"शरमेची गोष्ट आहे," ते म्हणाले. "कसं काय राहिलं कोण जाणे."

"दमट फडक्याने राहतंच."

बाईंनी पाटी त्यांच्या खिळ्यावर टांगली आणि बूट हातात दिला. आत ठेवा, त्यांनी बजावलं. रापांनी मान डोलावली आणि त्यांच्यासमोरच तो दाराबाहेर वर्तमानपत्रावर, दुसऱ्या बुटाशेजारी ठेवला. बाई वर जाताना त्यावरून त्यांना बोलत राहिल्या, मजला चढल्या तरी बोलत राहिल्या, आणि राप दार उघडं ठेवून शेवटपर्यंत ऐकत उभे होते.