सेकंड बेसचा अर्थ

मी पाच टक्क्यांतली बाई, म्हणजे खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरीला लागलेली. नांदेडला कॉलेजात बेसबॉल खेळले, राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं आणि त्याच्या जोरावर सरकारी कचेरीत चिकटले. आमच्या भागात बरेच जण त्याचसाठी हा खेळ धरतात. क्रिकेटमध्ये गर्दी फार, इथं प्रमाणपत्र लवकर हाताला लागतं. मी मात्र तेवढ्यासाठी खेळत नव्हते. मला तो खेळ मनापासून आवडायचा. मी कॅचर होते, म्हणजे बॅटवालीच्या मागं उकिडवं बसून चेंडू झेलणारी, आणि काळ्या मातीच्या मैदानावर वाळूची पोती बेस म्हणून मांडून आम्ही उन्हातान्हात धावायचो. पण नोकरी लागली आणि त्या खेळाबद्दल मला पुन्हा कुणी अवाक्षर विचारलं नाही. नवऱ्यानंही नाही.

विचारलं ते थेट माझ्या मुलीनं, आणि तेही एका प्रेमकथेमुळे.

ती तेव्हा लातूरला होती. बारावी झाली होती, अठरा पूर्ण झाली होती, आणि नीटची दुसरी खेप चालू होती. ट्यूशन एरियात एका मैत्रिणीबरोबर रूम करून राहायची. मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नांदेडहून धपाटे आणि चटणी घेऊन जायची. आमचं बोलणं ठरलेलं असायचं. टेस्टमध्ये किती पडले, जेवण बरंय का, झोप होते का. परीक्षा तिची, पण प्रश्नपत्रिका कायम माझ्या हातात.

अशाच एका शनिवारी तिच्या कॉटवर एक इंग्रजी कादंबरी उपडी पडलेली दिसली. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी पुस्तक उलटं केलं. मुखपृष्ठावर एक गोरा मुलगा, शर्टाची सगळी बटणं उघडी, खांद्यावर बॅट.

"काय वाचून राहिलीस हे?"

"आई, टाइमपास. रद्दीवाल्याकडून घेतलंय. रोज दोनच पानं."

मी चित्र निरखून बघितलं आणि म्हणाले, "ह्यानं बॅट लईच चुकीची धरलीय."

ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग पोट धरून हसली. कादंबरी अमेरिकेतल्या कॉलेजातली होती. नायक बेसबॉलच्या संघातला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, नायिका कॉलेजच्या पेपरात लिहिणारी. मी म्हणाले, तुझं झालं की मला दे. माझं इंग्रजी कचेरीपुरतं, म्हणून तिनं देण्याआधी अवघड शब्दांच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून दिले. अभ्यासाच्या वेळातून वेळ काढून तिनं हे केलं, आणि मी एकदाही तिला रागावले नाही, हे मी आजही स्वतःलाच सांगत असते.

पुढच्या महिन्यात पुस्तक हातात आलं, ते परतीच्या एसटीतच उघडलं. चाकूर येईपर्यंत दोन पानं झाली. पुढं घरी, डब्याच्या सुट्टीत, जमेल तसं वाचत गेले. दर रविवारी फोन व्हायचा आणि त्यात मार्कांचा विषय निघायचाच नाही.

"आई, शॉर्टस्टॉप म्हणजे काय गं? एस्टीचा विनंती थांबा का?"

"अगं, सेकंड आणि थर्डच्या मधे उभा राहणारा खेळाडू."

मग मी सुटायचीच. एका रविवारी तिनं विचारलं, "आणि तू कुठल्या बेसपर्यंत गेली होतीस?" मी भरभरून सांगितलं. फर्स्ट बेस काय, कुणीही गाठतं. सेकंडला जायला नजर लागते, समोरच्याची पाठ वळली की झेप घ्यायची. थर्डला पोचले की मला घरी, म्हणजे शेवटच्या होम बेसवर, यायची घाई व्हायची, आणि आमच्या कोच मॅडम बाहेरून ओरडायच्या, थांब, थांब! पलीकडे हसून हसून तिचा जीव चालला होता. मागून मैत्रिणीचंही हसू ऐकू येत होतं. "आई, तू लई भारी हायस," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मी आरशासमोर उगीचच कॅचरसारखी बसून बघितलं. गुडघे कुरकुरले, पण मन हलकं झालं होतं. इतकी मोकळी मुलगी मला आधी कधी मिळाली नव्हती.

मग ते पान आलं. पावसामुळे सामना रद्द झालेला असतो, आणि तरी नायकाचा मित्र त्याला विचारतो, काल कुठवर पोचलास? नायक म्हणतो, सेकंड बेस. मला वाटलं, लेखिकेनं घोळ घातला. सामनाच नाही, तर हा पळाला कुठं? वर पेन्सिलीचा अर्थही नव्हता. बेसबॉलचे शब्द आईला येतात, असं धरून तिनं ते सोडले असणार. मी मोठ्या ऐटीत कचेरीतल्या एका तरुण सहकारी बाईला ती चूक दाखवली. ती लाजली, तिनं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानात सांगितलं. तिकडच्या पोरांत ते मुलगा-मुलगी किती जवळ आले, हे सांगायचं माप असतं. फर्स्ट, सेकंड, थर्ड.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोनवरचं माझं एकेक वाक्य आठवलं. पाठ वळली की झेप. मॅडम ओरडायच्या. दोघी पोरींनी मिळून आईचं हसं केलं, एवढंच डोक्यात बसलं. दुसऱ्या शनिवारची वाटही बघितली नाही. रजा टाकली आणि पुस्तक पिशवीत घालून लातूर गाठलं.

दार मैत्रिणीनं उघडलं. मी चप्पलही काढली नाही. पुस्तक बाहेर काढलं आणि दोघींच्या देखत मधोमध फाडलं. मग पुन्हा फाडलं. तिच्या पेन्सिलीच्या अक्षरांचे तुकडे फरशीवर पडले. मैत्रीण म्हणाली, "काकू, राहू द्या ना." मी तिलाही सोडलं नाही, आणि मग मुलीकडे वळले.

"आईला बावळट समजतीस? मैत्रिणीत हसायला ठेवलीय मला?"

माझा बाप भोकरला रेल्वेच्या गँगमध्ये होता. स्वतः चौथी शिकलेला. विहारातल्या कपाटातलं पुस्तक हातात घ्यायच्या आधी हात धुवायचा. आमच्या घरात कुणी कुणाच्या हातून पुस्तक कधी ओढून घेतलं नाही. त्या बापाची लेक तिथं कागद फाडत उभी होती.

मुलगी रडली नाही. खाली बसून तुकडे गोळा करत ती हळू आवाजात बोलली. "आई, मी तुला हसत नव्हते. मला वाटलं, तुला कळतंय. तू मुद्दाम बोलून राहिलीस. मी हिला सांगितलं, माझी आई बघ कशीय, तिच्याशी कायबी बोलता येतं."

हे मला ऐकू आलं होतं, नीट ऐकू आलं होतं. तेव्हाच मी तिच्या शेजारी खाली बसले असते, तर बरंच काही वाचलं असतं. पण राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर, आणि त्याहून वर माझा ताठा. मी म्हणाले, "अभ्यास कर," आणि बस स्टँडवर आले.

त्यानंतर ती भांडली नाही, रुसली नाही. दोघींनीही तो विषय पुन्हा काढला नाही. रविवारचा फोन चालूच राहिला. जेवले. झोपते. हो. बरं. डॉक्टरकीला नंबर लागला नाही, फिजिओथेरपीला लागला. पुण्याला गेली, आता तिसऱ्या वर्षाला आहे. लोक म्हणतात, तुमची मुलगी किती शांत. मी हसून मान हलवते.

गेल्या महिन्यात नणंदेचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "वहिनी, पोरगी सावरली का आता? लई रडायली होती माझ्यापाशी. वर्षभर संगं होता तो पोरगा, अन् असं अचानक सोडून गेला म्हणजे…" मी गॅसपाशी उभी होते. त्या वर्षभरातला प्रत्येक रविवार मला आठवत होता. तिचं जेवले, तिचं बरं. नणंद थांबली. "तुला सांगितलंच असंल की तिनं?"

तेव्हा 'नाही' म्हणायचं होतं. म्हणाले असते तर नणंदेनं सगळं सांगितलं असतं. तो कोण, कुठला, का सोडून गेला, माझी लेक किती दिवस उपाशी राहिली. पण मुलीनं मला सोडून आत्याला सांगितलं, हे कुणाला कळू द्यायला माझी जीभच उचलेना.

"हाव, सांगितलंय की," मी म्हणाले. "आम्ही बोलतो सगळं."

नणंद म्हणाली, "मग बरंय." तिनं विषय बदलला, आणि त्या मुलाचं नाव विचारायची माझी सोयही राहिली नाही.