दुपारची मालिका

जपानमध्ये ओजिमाला राहत असताना आमच्या खालच्या मजल्यावर एक जपानी काकू एकट्या राहायच्या. नवरा ऑफिसला गेला की दुपारी मी त्यांच्याकडे मालिका बघायला जायची. माझं जपानी तिथेच सुधारलं, कारण काकू प्रत्येक वाक्य माझ्यासाठी दोनदा म्हणायच्या. माझ्यासाठी संत्रं मात्र फक्त जाहिराती लागल्यावरच सोलायच्या.

त्या वर्षी मालिकेतली जपानी मुलगी एका भारतीय इंजिनिअरच्या प्रेमात पडली होती. तो सारखा हात जोडून काहीतरी गूढ बोलायचा आणि मुलीची आई रोज रडायची. तिच्याबरोबर काकूही डोळे पुसायच्या. त्यांच्या स्वतःच्या मुलीने बंगलोरचा मुलगा निवडला होता आणि काकूंनी अजून त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. हे मला शेजारणीकडून कळलं होतं.

एके दिवशी मालिकेतला इंजिनिअर मुलीला विमानतळावर रडत सोडून कायमचा निघून गेला.

"शेवटी परत जातातच ना हे लोक?" काकूंनी मला विचारलं.

"माझा तर अजून इथेच आहे," मी म्हणाले. "शनिवारी दुपारपर्यंत झोपतो, कचरा चुकीच्या दिवशी टाकतो. हात जोडून गूढ बोलला तर मीच घाबरेन."

काकू खूप हसल्या. मग टीव्ही बंद करून त्यांनी माझ्यासमोरच मुलीला फोन लावला.

"रविवारी त्याला घेऊन ये," एवढंच म्हणाल्या.

रविवारी बाजारातून येताना मी वर पाहिलं. काकूंच्या गॅलरीत एक उंच मुलगा गाद्या उन्हात घालत होता. "असं नाही, नीट झटक!" काकू त्याला ओरडत होत्या, आणि तो निमूटपणे "हो, आई" म्हणत होता.